भोंग्यावरचा म्हातारा

ओनोदेरा तोकुजींचं केस कापायचं दुकान होतं, तेव्हा त्यांचा देव एकच होता, सोमवार. त्यांच्या देशात साऱ्या न्हाव्यांची सुट्टी सोमवारी. बाकीचे त्या दिवशी लोळत पडायचे. तोकुजी मात्र पहाटेच हिरव्या सायकलच्या मागे तंबू बांधून निघायचे आणि मंगळवारी दुकान उघडायच्या आत परत यायचे. बायको सेत्सुको म्हणायची, "यांचं लग्न सायकलशीच लागलंय, मी आपली करवली."

पुढे म्हातारपणामुळे दुकान बंद झालं, मग सेत्सुकोही गेली. सोमवार तेवढा सुटला नाही. या वर्षी भातलावणीच्या दिवसांत ते सायकलसकट शेतालगतच्या चरात पडले, तेव्हा मोरिओका शहरातून मुलगी मासुमी धावत आली. गुडघ्याला पट्टी बांधता बांधता तिने बजावलं, की पुन्हा असं काही झालं तर सायकल भंगारात जाईल आणि बाबा माझ्या घरी. मासुमी आईच्या वळणावर गेलेली. बोलली की करून दाखवायची.

म्हणून ऑक्टोबरातल्या त्या सोमवारी निघताना तोकुजींनी कुणाला काही सांगितलं नाही. म्हणजे एकीला सांगितलं. देवघरात सेत्सुकोच्या फोटोपुढे उदबत्ती लावली, घंटी वाजवली आणि "उद्या दुपारपर्यंत येतो गं" म्हणाले. हात जोडायला मोबाइल खाली ठेवला, तो तिथेच राहिला.

रस्ता पाठ होता. कापलेला भात बांबूंवर वाळत टाकलेला, परसात काकी नावाची टोमॅटोसारखी तांबडी फळं लगडलेली, आणि त्यांच्यामधून जाणारी हिरवी सायकल. पण गावं पूर्वीची राहिली नव्हती. पहिल्या गावातलं तोफूचं दुकान बंद. दुसऱ्या गावातली शाळा बंद, मैदानात कमरेएवढं गवत. पूर्वी इथली पोरं कुंपणापाशी येऊन "कुठे चाललात?" म्हणून ओरडायची आणि तोकुजी दर वेळी "चंद्रावर" म्हणायचे. आज विचारणारं कुणी नव्हतं, तरी ते सवयीने मनात उत्तर देऊन मोकळे झाले. तिसऱ्या गावात बटाट्याचे तळलेले वडे विकणारं दुकान तेवढं चालू होतं. आता मुलगा बसतो. चव बापाची, हात मात्र आखडता. तोकुजींनी दोन वडे दुकानापुढे उभ्या उभ्याच संपवले.

दिवस कलता कलता ते नागासुगे गावच्या नदीकाठी पोचले. तिथे तंबू ठोकायचा तर समोरच्या किराणा दुकानात विचारायचं, ही जुनी रीत. दुकानातल्या सुगावारा आजींनी त्यांना ओळखलं नाही, पण हरकतही घेतली नाही. "ठोका की. अस्वल आलं तर मला हाक मारा," म्हणाल्या.

तोकुजी खुंट्या ठोकू लागले. मासुमी तिसरीत असताना एकदाच त्यांच्याबरोबर आली होती, ती इथेच. पिवळी छोटी सायकल दामटत आख्खी वाट आली होती पोर. संध्याकाळी चतुरांच्या मागे धावत गेली ती दिसेनाशीच झाली. तोकुजी घसा फुटेस्तोवर हाका मारत काठाकाठाने धावले. गावाच्या भोंग्यावरून सांगितलं गेलं, नऊ वर्षांची मुलगी, लाल टोपी, कुणाला दिसल्यास कळवा. अखेर ती देवळाच्या ओट्यावर गाढ झोपलेली सापडली. त्यानंतर तोकुजींनी तिला कधी बरोबर घेतलं नाही.

आज गावाचा भोंगा रोजचं पाच वाजताचं गाणं वाजवून थांबला होता, तो पुन्हा खरखरला. पोलिसांतर्फे सूचना होती. शहात्तर वर्षांचे एक गृहस्थ सकाळपासून घरातून बेपत्ता आहेत. उंची बेताची, केस पांढरे, विस्कटलेले.

"अरेरे," तोकुजी म्हणाले. घरचे काय करत होते कोण जाणे. आजीही चपला घालून बाहेर आल्या. "अहो सायकलवाले, तुमच्याकडे चाकं आहेत. पुलापर्यंत जरा बघून येता? थंडीत कुठे पडला असेल बिचारा."

तोकुजी हातोडी टाकून उठलेच. सूचना दुसऱ्यांदा वाचली जात होती, आणि या वेळी त्यांनी ती शेवटपर्यंत ऐकली. बरोबर जुनी हिरवी सायकल असावी. आजींनी सायकलकडे पाहिलं. मग त्यांच्या डोक्याकडे.

"विस्कटलेले नाहीत माझे केस," तोकुजी म्हणाले. "पन्नास वर्षं न्हावी होतो मी."

आजी हसल्या नाहीत. तोकुजींना दुकानात नेऊन त्यांनी फोन पुढे सरकवला. तोकुजी तो बघत उभे राहिले. हा एक फोन केला, की सायकल गेली, सोमवार गेला, सगळंच गेलं. न करताही रात्र निघाली असती. पण त्यांना नदीकाठाने धावणारा, लाल टोपी शोधणारा बाप दिसत होता. त्यांनी नंबर फिरवला. पलीकडून मासुमी नुसती रडत होती. मग "हलू नका तिथून" म्हणाली आणि फोन ठेवला.

थोड्या वेळाने भोंग्याने साऱ्या गावाला कळवलं, की मघाचे गृहस्थ सुखरूप सापडले, सहकार्याबद्दल आभार. "चला, सापडलात एकदाचे," आजी म्हणाल्या आणि त्यांनी मुळ्याचं लोणचं वाटीभर दिलं.

जेवणवेळेला मासुमीची गाडी आली. दुपारी तीनदा फोन लावून उत्तर नाही, म्हणून तिने शेजारणीला आत पाठवलं होतं. फोन देवघरात वाजताना पाहून शेजारीण घाबरली, आणि मासुमीने पोलिसांना कळवलं होतं. आता मासुमीने बोलायच्या आत तोकुजीच म्हणाले, "सायकल ने. मी येतो मोरिओकाला."

मासुमी सायकलच्या सीटवरून हात फिरवत राहिली. "माझी पिवळी सायकल तुम्ही दुसऱ्याच दिवशी शेजाऱ्यांना देऊन टाकलीत. माझं काय चुकलं, ते मला आजवर कळलं नाही, बाबा."

"तुझं काही चुकलं नव्हतं. मी घाबरलो होतो." हे त्यांनी सेत्सुकोलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं.

"मीही आज तेवढीच घाबरले." तिने पर्समधून घरून आणलेला त्यांचा मोबाइल काढून त्यांच्या हातात दिला. "दर सोमवारी हा खिशात. आणि निघताना आईला सांगता, तसं मलाही सांगायचं."

मग बूट काढून तिने तंबूत डोकावून पाहिलं. "अजून दोघं मावतात का यात?"

"कूस बदलली नाही तर."

"मग सरका तिकडे," मासुमी म्हणाली.