आडवी रेघ

एकट्या माणसाकडे किस्से फार साठतात. ऐकवायला घरी कोणी नसतं ना!

लढाईच्या दिवसांत मी जबलपूरला तोफगोळ्यांच्या कारखान्यात सांख्यिकी विभागात होतो. विभाग म्हणजे आम्ही तिघं: देशकर साहेब, तिवारीजी आणि मी. मी कांचघरला खोली घेऊन एकटा. साहेबही एकटेच. बायको वारलेली, एकुलता एक मुलगा सीमेवर.

*

डब्याच्या वेळी साहेबांनी विचारलं, "घरी जेवणारी माणसं किती?"

तिवारीजींकडे दहा, साहेबांकडे एक, माझ्याकडे एक. मी लगेच म्हणालो, "सरासरी चार!"

तिवारीजी चकित. "चार? तो आप दोनों अकेले काहे खाते हैं, भैया?"

"सरासरी सोडा," साहेब म्हणाले. "जास्त वेळा कोणता आकडा आला ते पाहा. एक!"

दुसऱ्या दिवसापासून तिवारीजी आमच्यासाठी जास्तीचे पराठे आणू लागले.

*

एकदा मोठे अधिकारी येणार होते. मी उत्पादनाचा स्तंभालेख काढला. गेला महिना चारशे, हा महिना चारशे दहा. कागद पुरेना, म्हणून स्तंभ तीनशे नव्वदपासून सुरू केले.

अधिकारी खूश! "वा, दुप्पट?"

"नाही सर," साहेब शांतपणे म्हणाले, "आमच्या या बहाद्दराने तळ कापलाय."

*

गोळ्यांचा व्यास दर तासाला मोजून तक्त्यात भरायचा. एकदा मोजणारा आलाच नाही. मी आपलं त्या रकान्यात शून्य लिहिलं.

साहेब भडकले. "काहून लिहिलं शून्य? काय करून राहिला तू? शून्य म्हणजे मोजलं आणि काहीच निघालं नाही. आपल्याला माहीतच नाही, तर आडवी रेघ मारायची. पट्टीने!"

मी पट्टीने रेघ मारली. पुढे कधी चुकलो नाही.

*

साहेबांच्या टेबलाच्या काचेखाली एक आलेख होता. मुलाच्या दोन पत्रांमध्ये किती दिवस गेले, त्याचा. कमीत कमी सहा, जास्तीत जास्त तेवीस.

चोविसावा दिवस उजाडला. माझी नजर काचेखालच्या आलेखाकडे गेली. साहेबच म्हणाले, "कमाल वाढली, एवढंच."

एकतिसाव्या दिवशी तार आली. मुलगा बेपत्ता. साहेबांनी तार घडी करून खिशात ठेवली आणि म्हणाले, "चलो, कालचे आकडे आण."

त्या संध्याकाळी मला माझ्या खोलीवर जाववेना. साहेबांना सोबत करायला गेलो.

*

लढाई संपली. बाकीच्यांची मुलं परतली. चार वर्षांनी साहेब निवृत्त झाले. पेन्शनचा फॉर्म भरायला मी सोबत होतो. एका रकान्याशी साहेबांचा हात थांबला: हयात मुलगे, संख्या.

खिडकीतला बाबू नवा होता, पण स्वभावाने भला. त्याने मुलाबद्दल हळूच विचारून घेतलं आणि म्हणाला, "ज़ीरो लिख दीजिए, साहब. खाली नहीं छोड़ सकते."

"खाली नहीं छोडूंगा," साहेब म्हणाले.

मग माझ्याकडे हात पुढे केला. "पट्टी दे."