राखेनं घासलेला ग्रिल

"मावशी, या प्लेटांचं कोटिंग गेलं की सगळं! कशानं घासलं?"

"राखेनं. पाणी हाय कुठं, भाऊ?"

लातूरला क्लासच्या गल्लीत गयाबाईंची सँडविचची गाडी होती. मुखेडकडच्या. नवरा गेल्यावर पोरीला बारावीच्या क्लाससाठी घेऊन आल्या. खोली, क्लास, पोट, सगळं त्या एका ग्रिलवर. आणि आता ब्रेड प्लेटला चिकटून फाटत होता.

मी उदगीरचा, सर्व्हिस सेंटरचा टेक्निशियन. उदगीर जिल्हा झाला की तिथं सेंटर काढू, असं आमचे सर म्हणायचे. तोवर लातूरलाच मिक्सर-ग्रिल उघडत बसायचं.

दुष्काळ लई बेकार होता. टँकरचा नेम नाही. घरोघरी भांडी राखेनं घासून कोरड्या फडक्यानं पुसायचे. माझी बायकोपण. स्टीलला चालतं ते. ग्रिलच्या प्लेटवर मात्र नॉन-स्टिक, म्हणजे चिकटू न देणारा, पातळ काळा थर असतो. राखेतल्या खड्यांनी तो खरवडतो. मग ब्रेड धरतो, मग बाई आणखी जोर लावते. बिचारीनं घासून घासून स्वतःच्याच पोटावर पाय दिला होता.

सरांना फोन लावला.

"वॉरंटीत बसत नाही. कस्टमर मिसयूज. निघ तिथून."

"सर, पाणीच नाही तर..."

"मग मी नेऊन देऊ का पाणी?"

माझं डोकंच फिरलं. सेंटरमध्ये वायरिंग जळालेला तसलाच ग्रिल भंगारात पडला होता. त्याच्या प्लेटा काढल्या. सरांनी बघून न बघितल्यासारखं केलं. दुसऱ्या दिवशी बसवून आलो.

"आता राख बंद," मी म्हणालो. "आधी प्लग काढायचा. प्लेट गरम असतानाच ओलं फडकं पिळून आत ठेवायचं, झाकण लावायचं. वाफेनं करपलेलं सुटतं. मग लाकडी उलथन्यानं हळू लोटा, पुसून घ्या. खालचा तेलाचा ट्रे वेगळा पुसा. बादलीत मात्र बुडवू नका, शॉक बसंल. पेलाभर पाणी बास."

गयाबाईंनी राखेचा डबा बाजूला सारला.

"पेलाभर? मग हे इकतानाच सांगायला काय झालतं तुमाला?"

माहितीपुस्तक इंग्रजीत होतं. लाज वाटली.

महिन्याभरानं त्याच गल्लीत कंप्लेंट निघाली. गल्ली सुनी. होस्टेलांचं पाणी संपलं होतं, क्लासवाल्यांनी पोरं घरी धाडली होती. गयाबाई गाडीपाशी बसून होत्या. ग्रिल चकचकीत.

"झकास ठेवलाय की, मावशी!"

"मळायला झालंय काय त्याला? खाणारं कुणी न्हाई. उद्या पोरीला घेऊन गावाकडं चालले."

"आणि बारावी?"

"बगू," म्हणाल्या, आणि तोंड फिरवलं.

उगीच प्लग लावून ग्रिल तपासला. काहीच बिघाड नव्हता. असता तर बरं झालं असतं, काहीतरी करता आलं असतं.

ग्रिल साफ करायला पेलाभर पाणी पुरतं. पोरीच्या बारावीला पुरत नाही.