कोरडा कापूस

पार्नू गावातली नदी थंडीत गोठली की तिथले नाव वल्हवणारे खेळाडू चार महिने यंत्रांवर वल्हवतात, आणि त्या चार महिन्यांत वाइकेबाईंना माणसाचा कान सोडून दुसरं काही दिसत नाही. क्रीडा प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं त्यांचं काम एकच. दर तीन मिनिटांनी खेळाडू थांबला की कानाची पाळी पुसायची आणि रक्ताचा थेंब बारीक नळीत टिपायचा. त्यावरून दमणुकीचा आकडा निघतो. थेंबात घाम मिसळला तर आकडा फुगतो आणि चाचणी वाया जाते. नव्या पोरींना बाई एवढंच शिकवत आणि एवढ्यावरूनच झापत.

या फेब्रुवारीत यादीत त्यांच्या लेकीचं नाव होतं. पिरेत सहा वर्षांपूर्वी हॉलंडला गेली ती तिकडचीच झाली. रविवारी फोन यायचा. हवा कशी आहे, जेवलीस का, बरं ठेवते. आता ती आली ती तिकडच्या संघाबरोबर, वल्हवायच्या तीन यंत्रांची तुलना करायची होती म्हणून. राहायला वसतिगृहात, जेवायला संघात, आणि आईसमोर आली की तोंडावर श्वास मोजायचा मुखवटा. जमिनीवर पक्क्या बसवलेल्या यंत्रावर तिचं हृदय किती धावलं, रुळांवर सरकणाऱ्यावर किती, हे बाईंना पाठ होतं. ती सुखात आहे का, हे विचारायचं राहूनच गेलं होतं.

शेवटची चाचणी पाण्याच्या टाकीच्या यंत्रावर होती. संध्याकाळी विमान. दर ओढीला टाकीत पाणी डुचमळायचं. पिरेत बारा वर्षांची असताना वाइकेबाई धक्क्यावर उभ्या राहून वल्ह्यांचा असाच आवाज ऐकत तिची वाट बघायच्या. आज तो आवाज ऐकताना आपली पोर परत हवी आहे, एवढंच त्यांना कळत होतं.

यंत्र थांबलं. कानाच्या पाळीवर घाम डवरला होता. बाईंच्या हातात कापूस होता. त्यांनी तो मुठीत धरला आणि तसाच थेंब टिपला.

“अकरा?” तरुण संशोधक तानेल पडद्यावर वाकला. “आत्ता तर चार होता. वाइके, नीट पुसलं होतंत ना?”

बाईंचा चेहरा लाल झाला. सव्वीस वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. तेवढ्यात पिरेतने मुखवटा काढला.

“तिला कशाला बोलतोस? मीच मान हलवली. घाम ओघळला असणार.”

“मग परवा पुन्हा करावं लागेल. मधे एक दिवस विश्रांती हवीच. पण तुझं विमान?”

“संघ जाईल पुढे. मी आईकडे राहते.”

तानेल नोंद करायला आत गेला. पिरेतने आईची मूठ उघडून कोरडा कापूस काढून घेतला आणि आपला कान पुसला.

“पुसायला विसरलीस ना?”

“विसरले नाही गं.”

“माहितेय,” पिरेत म्हणाली. “मी तरी मान कुठे हलवली होती?”