लेनर्ड येलंडचा दुसरा नंबर

लेनर्ड येलंडच्या दुकानात खिळे वजनावर मिळायचे, आणि सिरिल आरस्कॉटचं नाव कुणी काढलं की ते वजन हमखास चुकायचं. एरवी माणूस काट्यासारखा चोख. पण सिरिलचं नाव ऐकलं की त्याच्या पोटात दुखायला लागायचं. इंग्लंडातल्या आमच्या डेव्हन परगण्यातल्या या गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त सिरिलला.

एकोणीसशे त्र्याहत्तर साली जुनी ग्रामीण कौन्सिलं मोडायची ठरली आणि नव्या जिल्हा कौन्सिलची निवडणूक आली. आमच्या वॉर्डाला दोन जागा मिळाल्या. मतदाराच्या हातात एकच कागद, पण फुल्या दोन मारायच्या. लेनर्ड अपक्ष उभा राहिला. त्याच्या आदल्याच आठवड्यात सिरिलही अपक्ष उभा राहिला होता. का, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. तीस वर्षं दारोदार दूध टाकलेला माणूस, कोणी म्हणालं "सिरिल, उभा राहा की", आणि हा राहिला. निकाल लागला: आरस्कॉट सहाशे बारा, येलंड पाचशे एकाहत्तर. दोघंही निवडून आले. सिरिलने त्याला मिठी मारली आणि म्हणाला, "जमलं की राजा आपल्याला." लेनर्डच्या डोक्यात मात्र फिरत राहिला तो एक्केचाळीस मतांचा फरक.

शहात्तरला अडतीसचा फरक. एकोणऐंशीला पार्लमेंटची निवडणूकही त्याच दिवशी होती, मतदान केंद्राबाहेर कधी नव्हे ती रांग लागली, आणि फरक सत्तावन्नचा झाला. लेनर्डने सगळं खापर मतपत्रिकेवर फोडलं. "नावं अक्षरांच्या क्रमाने लावतात. तो सगळ्यात वर, मी पार तळाला. लोक वरून फुल्या मारत येतात आणि कंटाळतात."

"दोनच तर मारायच्यात," त्याची बायको मर्टल म्हणाली. "दोनात कोण कंटाळतं? नाचता येईना अंगण वाकडं."

खरं सांगायचं तर जळण्यासारखं होतंच. कचऱ्याची गाडी आली नाही, पत्र कोणाचं? लेनर्डचं. बाजारातल्या सार्वजनिक संडासाचं छप्पर गळतंय, इंजिनिअरला धरून कोण आणणार? लेनर्ड. म्हाताऱ्या मिसेस हॅनाफर्डच्या कौन्सिलच्या घराचं पन्हाळं फुटलं तेव्हा त्याने चार पत्रं लिहिली, दोनदा कचेरीत जाऊन बसला, तेव्हा कुठे माणूस शिडी घेऊन आला. त्या दिवशी सिरिल तिच्याकडे चहाला गेला होता. शिडी धरली, गप्पा मारल्या, घरी आला. रविवारी मिसेस हॅनाफर्डने केक केला, तो सिरिलकडे पोचला. त्याला म्हणतात आयत्या बिळावर नागोबा.

आणखी एक गोष्ट लेनर्डला आतून कुरतडायची. गावातलं शेंबडं पोरही आरस्कॉटला "काय रे सिरिल" म्हणायचं. लेनर्डला मात्र सगळे "मिस्टर येलंड, तुम्ही" म्हणायचे. हा मान आहे असं तो स्वतःला समजवायचा. मग संध्याकाळी पबमध्ये सिरिलच्या टेबलाभोवती सात खुर्च्या ओढलेल्या दिसायच्या आणि ते समजावणं विरघळून जायचं.

त्र्याऐंशीला आणि सत्त्याऐंशीला कोणी तिसरं उभंच राहिलं नाही. दोघं बिनविरोध आले. मतदान नाही, मोजणी नाही, पहिला नाही, दुसरा नाही. मर्टल सांगते, ती आठ वर्षं लेनर्ड घरात शीळ घालत फिरायचा.

एक्क्याण्णवला मिसेस पिंचबेक उभ्या राहिल्या. लंडनहून येऊन गावाबाहेर जुनं धान्याचं कोठार घेतलं होतं, त्याचं घर केलं होतं, आणि आता गुळगुळीत कागदावर स्वतःचा फोटो छापून दारोदार टाकत होत्या. त्या पडणार याबद्दल कोणाला शंका नव्हती, लेनर्डला तर मुळीच नव्हती. त्याला दिसलं ते एवढंच: पुन्हा मतदान, पुन्हा मोजणी, पुन्हा दुसरा नंबर. तो तेव्हा अडुसष्टचा होता. ही शेवटची निवडणूक, हे त्याने ठरवून टाकलं होतं. एकदा, फक्त एकदा, त्याला सिरिलच्या पुढे यायचं होतं.

मग त्याने जे केलं ते आमच्याकडे कोणी उघड करत नाही. दुकानात भरवशाचं गिऱ्हाईक आलं की खिळे तोलता तोलता हळूच म्हणायचं, "दोन मतं असली तरी दोन्ही दिलीच पाहिजेत असा काही कायदा नाही. माझ्यापुढे एक फुली मारा आणि कागद घडी करून टाका." स्वतःची मतं वाढत नव्हती म्हणून त्याने सिरिलची कमी करायला घेतली.

मिसेस हॅनाफर्ड म्हणाली, "फुकट मिळालेलं मत वाया कशाला घालवायचं?"

"वाया कुठे जातंय? माझं वजन वाढतं ना."

बाई पिशवी उचलून गेली. पण पस्तीसेक जणांनी ऐकलं. उधारीवर रंग नेणाऱ्याला, पन्हाळं दुरुस्त करून घेतलेल्याला नाही म्हणवत नाही.

मर्टलला त्याने जेवताना सांगितलं. तिने काटा खाली ठेवला. "मी दोघांना देणार. आणि तू हे करतोयस याची मला लाज वाटते, लेन."

"तुझा नवरा मी आहे की तो?"

"नवरा तू आहेस. म्हणून तर लाज वाटते," ती म्हणाली आणि उठून ताटं विसळायला लागली.

गुरुवारी मतदान झालं, शुक्रवारी सकाळी तालुक्याच्या हॉलमध्ये मोजणी. लांब टेबलं, त्यांच्यापलीकडे मोजणीला बोलावलेल्या बँकेतल्या पोरी कागद वेगळे करताहेत, अलीकडे उमेदवार हात मागे बांधून उभे. येलंड-आरस्कॉट अशा दोन फुल्यांचा गठ्ठा मोठा होता. मिसेस पिंचबेकचा गठ्ठाही फुगत चालला होता. बाहेरून येऊन नवीन घरांत राहिलेली माणसं मतदानाला झाडून आली होती. बाजूला तिसरी चळत होती, एकाच फुलीच्या कागदांची, आणि त्यातल्या बहुतेक फुल्या येलंडसमोर. लेनर्डने ती पाहिली आणि नजर छताला लावली.

निवडणूक अधिकाऱ्याने वाचलं: येलंड चारशे अठ्ठ्याण्णव, पिंचबेक चारशे एक्केचाळीस, आरस्कॉट चारशे अडतीस.

लेनर्ड पहिला आला होता. सिरिल तीन मतांनी पडला होता.

विजेत्याने बोलायचं असतं. लेनर्डने अधिकाऱ्यांचे आभार मानले, पोलिसांचे मानले, मोजणाऱ्यांचे मानले. हे भाषण अठरा वर्षं त्याच्या खिशात तयार होतं, आणि आता त्याचा आवाज किराण्याची यादी वाचल्यासारखा निघत होता. टाळ्या पडल्या, पण तेवढ्यापुरत्या. मग सगळे सिरिलकडे गेले. मोजणाऱ्या पोरींपैकी एक रडत होती. लहानपणी तिच्या दारात तोच दूध ठेवायचा.

गर्दीतून वाट काढत सिरिल लेनर्डकडेच आला आणि त्याचा हात दोन्ही हातांत धरला. "पहिला नंबर, राजा. व्हायलाच हवा होता. कामं सगळी तू केलीस."

"सिरिल, मी..."

"ती एका फुलीची चळत बघितलीस ना? त्यात एक माझी आहे." तो हसला. "स्वतःच्या नावापुढे फुली मारायची म्हणजे कसंसंच वाटतं. त्र्याहत्तरपासून मी एकच मारतो, तुझ्यापुढे. दुसरं मत तसंच ठेवतो."

लेनर्डने हळूच हात सोडवून घेतला. त्यानेही त्र्याहत्तरपासून एकच फुली मारली होती, आणि तीही येलंडपुढेच.

घरी जाताना गाडी मर्टल चालवत होती. वाटेवरच्या चढाला तिने विचारलं, "आलास ना पहिला? आता कसं वाटतंय?"

"त्याने स्वतःला मत दिलं नाही, मर्टल. एकदाही नाही."

"माहीत आहे."

"तुला माहीत होतं?"

"सगळ्या गावाला माहीत होतं, लेन. म्हणून तर त्याला ती चाळीस मतं जास्त पडायची."

 आणि काय सांगावं, सिरिल हरला होता, घरी बसला होता, त्याच्याकडे आता ना जागा होती ना कौन्सिल, तरी लेनर्डला त्याचा इतका हेवा त्याआधी कधीच वाटला नव्हता.