रुमालाखालची बोलणी

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत मिळून जेवढं म्हणून न बोलणं शिल्लक होतं, ते सगळं आमच्या खोलीबंधूंनी एकट्यानं गोळा करून ठेवलं होतं. पंच्याहत्तरच्या आसपासची गोष्ट. सांगलीत हळदीच्या एका अडत दुकानात आम्ही दोघं नोकरीला होतो आणि एकाच खोलीत राहत होतो. मी साताऱ्याचा, तो मेढ्याकडचा. पहिल्या तीन महिन्यांत तो माझ्याशी एकूण अकरा शब्द बोलला आणि त्यातले सात 'व्हय' होते. मी मात्र अखंड बोलायचो. कुणीतरी बोलायला हवंच होतं.

रस्त्यात ओळखीचं कुणी समोरून आलं, की या गृहस्थांच्या चपलेचा अंगठा तुटायचा. खाली वाकून तो असा काही दुरुस्तीला लागायचा, की समोरचा माणूस आपणच लाजून पुढं जायचा. खानावळीत 'आमटी वाढा' म्हणायचा संकोच, म्हणून वाढपी आपण होऊन फिरकेपर्यंत साहेब कोरडी भाकरी चावत बसणार. लग्नाला गेला की पंगतीत पाण्याचा जग उचलायचा; पाणी वाढणाऱ्याशी कुणी गप्पा मारत नाही, हा त्याचा शोध. त्याची आत्या उंब्रजच्या अलीकडं एका फाट्यावर राहायची. एकदा तिच्याकडं निघाला, तर कंडक्टर घंटी मारायला विसरला. आता 'थांबवा' म्हणून ओरडायचं कसं, या विचारात स्वारी थेट साताऱ्याला पोचली. आत्याला पत्र टाकलं, की साताऱ्यात अचानक काम निघालं.

या माणसाला सांभाळलं ते हळदीच्या सौद्यांनी. आमच्या बाजारात भाव तोंडानं सांगत नसत. खरेदीदार एकेक करून पुढं यायचा, अडत्याच्या माणसाचा हात रुमालाखाली धरायचा आणि बोटं दाबून आपला आकडा कळवायचा. शेजारच्याला पत्ता लागत नसे. आमच्या दुकानातर्फे हात पुढं करायचं काम खोलीबंधूंकडं होतं आणि तिथं मात्र त्यांच्यासारखा वक्ता नव्हता. मुरलेले व्यापारी म्हणायचे, पोराच्या हाताला लबाडी ठाऊक नाही. मी दुकानात पत्रं लिहायचो. माझ्या हाताबद्दल कुणी काही म्हटल्याचं आठवत नाही.

दोन मुली बघून झाल्या होत्या. दोन्हीकडून 'मुलगा मुका हाय का?' अशी चौकशी येऊन प्रकरण मिटलं. एकदा खानावळीत जेवताना तो ताटाकडं बघत म्हणाला, "एकट्यानं जेवायचा लय कंटाळा आलाय रं."

मी त्याच्या समोरच बसलो होतो, आमटी भुरकत. मला भयंकर राग आला. पण वर्षभरात त्यानं आपलं असं सांगितलेलं ते पहिलंच वाक्य होतं, म्हणून राग गिळला.

तिसरी मुलगी आत्यानं काढली. मुलीचे वडील हळद पिकवणारे, सांगलीच्या बाजाराला सरावलेले. मी चार प्रश्न लिहून खोलीबंधूंकडून पाठ करून घेतले आणि आधाराला आत्यासोबत मीही गेलो. पोहे आल्यावर त्याचे चारही प्रश्न उडाले. मग मीच बोललो. ऊस, पाटाचं पाणी, नवी मोटारसायकल, माझं शिक्षण, सगळं. मुलीपेक्षा मलाच जास्त पाहिलं गेलं असावं. शेवटी वडील त्याच्याकडं वळून म्हणाले, "तुमी काय बोलंना. पसंती हाय का न्हाई?"

खोलीबंधूंना घाम फुटला. त्यांनी खिशातून रुमाल काढला. मला वाटलं, तोंड पुसतोय. त्यानं तो सासऱ्यांच्या, म्हणजे होऊ घातलेल्या सासऱ्यांच्या, हातावर टाकला आणि खाली त्यांचा पंजा धरला. त्यांनीही सवयीनं धरू दिला. मग भानावर येऊन एकदम हात ओढला.

"लेकीचा सौदा करतोस व्हय रं? हुंड्याचा आकडा सांगतोस?"

आत्यानं कपाळावर हात मारला. काहीतरी सावरायला पाहिजे होतं आणि जन्मात पहिल्यांदा मला एक शब्द सुचेना. तेवढ्यात तो बोलला.

"आकडा न्हाई. एक बी बोट दाबलं न्हाई मी. तोंडानं बोलाय जमत न्हाई मला, म्हणून हात धरला. पोरगी पसंत हाय. मी तिला पसंत हाय का, तेवढं इचारा."

वडील स्वतःच्या पंजाकडं बघत राहिले. सगळा जन्म असे हात धरण्यात गेलेला माणूस. एकही बोट दाबलं नव्हतं, हे त्यांना पटलं. ते काही बोलायच्या आत माजघराच्या दारातून मुलगीच म्हणाली, "पाव्हण्यांचं पोहं थंड झाल्यात. दुसरं आणते."

लग्नानंतर त्यांनी विश्रामबागेकडं दोन खोल्या घेतल्या. तो आपली पत्र्याची ट्रंक न्यायला आला, तेव्हा मी सुटलोच. बायकोपुढं तरी तोंड उघडतोस का, भाजीत मीठ कमी पडलं तर पत्र टाकतोस का, असलं बरंच. त्यानं सगळं नेहमीसारखं ऐकून घेतलं. मग ट्रंकेची एक कडी धरून थांबला.

"तू आता कुणापशी बोलणार रं?" तो म्हणाला.

मी ते हसण्यावारी नेणार होतो, पण नेलं नाही. मी ट्रंकेची दुसरी कडी धरली आणि आम्ही दोघं काही न बोलता जिना उतरलो.