नातवंडांसाठी घेतलेला ट्रेलर

आमचे हे सरकारी नोकरीतून रिटायर झाले, त्या उन्हाळ्यात आम्ही इथे कॅनडात रेजिना शहराबाहेरच्या एका डीलरकडे फिफ्थ-व्हील ट्रेलर बघायला गेलो. म्हणजे चाकांवरचं घरच. पिकअपच्या हौद्यात बसवलेल्या कपलिंगवर त्याचं नाक टेकवायचं आणि ओढत न्यायचं. दोघांनीच रॉकीजच्या डोंगरांतून पार समुद्रापर्यंत जायचं, हे किती वर्षं माझ्या मनात होतं. आमच्या सगळ्या सुट्ट्या भारतात संपल्या, कुणाच्या लग्नात नाहीतर कुणाच्या आजारपणात.

मला हलका ट्रेलर आवडला. दोघांपुरता पलंग, इवलासा ओटा, आणि आमच्या आहे त्या पिकअपला ओढता येणारा. डीलरच्या माणसाने तो एका पिकअपला जोडून मला चालवायला बसवलं. मी आवारात चक्कर मारली, रिव्हर्ससुद्धा घेतला! उतरले तेव्हा अंगावर मूठभर मांस चढलं होतं.

पण ह्यांचा डोळा शेजारच्या धुडावर. स्टँडर्ड म्हणजे पूर्ण मापाचं, जडशीळ, मागे एकावर एक बंक बेडची वेगळी खोली.

"अगं, पोरं आली तर झोपतील कुठे?"

"कोण येतंय अहो? मुलगा तिकडे लांब मिसिसागाहून सणावारी फोन करतो, तेवढंच."

"ट्रेलर असला की येईल. नातवंडांना मजा वाटेल."

आमच्याकडे हे असंच. कुकर घ्यायचा तो पाहुण्यांच्या मापाने, सोफा घ्यायचा तो कुणाला तरी झोपता येईल असा. मी तावातावाने भांडले, पण नातवंडांचं नाव निघालं आणि माझंही तोंड बंद झालं. धूड घरी आलं. ते ओढायला मोठा ट्रकही आला.

तो चालवताना हे दोन्ही हातांनी स्टिअरिंग गच्च धरून बसायचे. माझी तर हात लावायची छाती झाली नाही. जवळच्या तळ्यापर्यंत जाऊन आलो, बस. "पोरं आली की डोंगरात जाऊ," हे म्हणायचे. मुलगा आला एकदाचा, पण विमानाने, हॉटेल बुक करून. नातीने ट्रेलरमध्ये डोकावून "सो क्यूट, आजी!" म्हटलं आणि ती हॉटेलच्या स्विमिंग पूलला पळाली. बंकच्या गाद्यांवरचं प्लास्टिकही निघालं नाही हो!

मग ह्यांच्या डोळ्यांच्या पडद्याचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी ड्रायव्हिंग बंद केलं. दवाखान्यातून परत येताना कार मी चालवत होते.

"हलका घेतला असता तर तू ओढला असतास," हे हळूच म्हणाले.

मला असा संताप आला म्हणता! आणि रडूही. "खड्ड्यात गेला तो ट्रेलर," मी म्हटलं. "ह्या कारनेच जाऊ. मोटेलात राहू. मी नेते तुम्हाला."

"नेशील गं," ते म्हणाले. "पण मला आता तुझा चेहरासुद्धा धड दिसत नाही. डोंगर काय दिसणार?"