खिळे भरले का?

माननीय शालिकराव थूल सरांची आणि माझी ओळख झाली ती त्यांनी मला भर रस्त्यात थांबवलं म्हणून. डॉक्टरांनी रक्तात साखर सांगितली होती आणि मी घाबरून आमच्या सिंदी रेल्वे गावात स्टेशनरोडवर सकाळी सकाळी घरातल्या चपलांवरच पळत सुटले होते. समोरून हे उंच, सडसडीत, शाळेतून निवृत्त झालेले पीटीचे सर आले.

“काऊन हो बाई, कोणी मांगं लागलं काय?”

म्हटलं, “नाही सर, साखर निघाली.”

“मंग ते एका दिवसात थोडीच पळून जाते! आधी चालाले शिका. पळणं आपोआप येते.”

मला राग आला. आमची सिंदीत कापडाची पेढी. बाजारओळीतल्या सुनेला असं रस्त्यात कुणी बोलत नाही. पण दुसऱ्या दिवशी मी चालायला गेले. सर कोपऱ्यावर उभेच होते, हातात कुणाचे तरी जुने पण धड बूट घेऊन.

चालण्याचं पळणं झालं आणि पळणं हिंगणीच्या टेकड्यांपर्यंत पोचलं, तेव्हा घरात भडका उडाला. सासूबाई म्हणाल्या, “बाईमाणसानं डोंगरात पळावं काय? लोक काय म्हणतीन?” हे सरांच्या कानी गेलं आणि ते स्वतः घरी आले. आमच्याकडे त्यांच्या वस्तीतले लोक कापड घ्यायला येत, ते ओटीपर्यंत. सर सरळ आत आले. सासूबाईंना म्हणाले, “आजी, सून गोळ्या खाऊन पडलेली पायजे का धडधाकट पायजे, सांगा.” सासूबाईंनी थोडा वेळ तोंड फिरवलं. मग म्हणाल्या, “जाय बापा. पण सैपाक करून जाजो.”

“सैपाक मी तुमच्या पोराले शिकवतो,” सर म्हणाले, आणि खरंच माझ्या मिस्टरांना स्वयंपाकघरात उभं करून पोहे भिजवायला शिकवलं. आमच्या घरात बौद्ध माणूस चुलीपाशी उभा राहण्याची ती पहिली वेळ. सासूबाईंनी पोहे दोनदा घेतले. त्यावर आमच्याकडे कुणी अवाक्षर काढलं नाही, तेव्हाही आणि नंतरही. रविवारचे पोहे मात्र आजतागायत मिस्टरच करतात.

आता आमच्या दौडीबद्दल. पेपरवाले तिला ट्रेल रनिंग म्हणतात, आम्ही टेकडीची दौड म्हणतो. दर हिवाळ्यात, वनखात्याची रीतसर परवानगी घेऊन, बोरच्या जंगलाला लागून असलेल्या टेकड्यांवरून पाऊलवाटेने वर जायचं, दोन नाले ओलांडायचे आणि हिंगणीच्या मैदानात उतरायचं. वाघ आहे, अस्वल आहे, सागाच्या वाळक्या पानांखाली दगड दिसत नाहीत ते वेगळंच. म्हणून सरांनी एक फळी केली. फळीवर खिळे, प्रत्येक खिळ्यावर पत्र्याचा एक बिल्ला. जाताना आपल्या नंबरचा बिल्ला गळ्यात घालायचा, आल्यावर परत खिळ्याला लावायचा. खिळा रिकामा म्हणजे माणूस अजून टेकडीवर आहे. सगळे खिळे भरेपर्यंत सर स्वतः बसत नाहीत, पाण्याशिवाय काही घेत नाहीत आणि पहिल्या आलेल्याच्या गळ्यात हारही पडू देत नाहीत. “पहिला तर येतेच हो,” ते म्हणतात, “शेवटचा आला का ते सांगा.”

एका वर्षी जाम गावचे ढाबेवाले रमेशभाऊ कंटाळून टेकडीच्या दुसऱ्या अंगाने उतरले, कुणाच्या तरी मोटारसायकलवर बसले आणि बिल्ल्यासकट घरी गेले. इकडे सर भर दुपारी फळीपाशी उभे! माणसं पाठवून दोन वेळा टेकडी पालथी घातली. शेवटी कुणीतरी बातमी आणली, तसे सर एसटी धरून जामला गेले. रमेशभाऊ ढाब्यावर आरामात जेवत होते. सरांना पाहून ते ओशाळले, गळ्यातला बिल्ला काढून देऊ लागले. सर म्हणाले, “बिल्ल्यासाठी नाई आलतो. तुमाले पाहाले आलतो.” आणि समोरच्या बाकड्यावर बसले. दिवसभरात पहिल्यांदा. तेव्हापासून रमेशभाऊ सरांचे झाले ते झालेच.

आता मागच्या वर्षीचं सांगते. सरांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या अंकात सगळे त्यांचे गुण लिहितील. मला माझी चूक लिहायची आहे.

मागच्या वर्षी सर म्हणाले, “फळी तुम्ही सांभाळा, मी सगळ्यायच्या मांगून चालत येतो.” मी अगदी ताठ उभी राहिले. बेचाळीस बिल्ले गेले, बेचाळीस परत आले. शेवटच्या मुलीने बिल्ला लावताना सांगितलं, “सर मांगंच येऊन राह्यले.” मी खिळे दोनदा मोजले आणि जाहीर केलं, सगळे आले! हार निघाले, माइक सुरू झाला, गाणी लागली. मी भाषण ठोकलं. काय म्हणाले ते शब्दशः आठवतं: “सरांच्या शिस्तीमुळे आज आपला एकही माणूस मागे राहिला नाही.” टाळ्या पडल्या. व्यासपीठावर सरांची खुर्ची रिकामी होती, पण सर कधी बसतच नाहीत, तेव्हा रिकामी खुर्ची कुणाला खटकली नाही.

दीड तास! दीड तासाने रमेशभाऊ माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, “ताई, सर कुठी हायेत?”

सगळ्यांना बिल्ला देणाऱ्या माणसाला आम्ही बिल्लाच दिला नव्हता. त्यांचा खिळाच नव्हता, तर रिकामा दिसणार कसा? चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, वर ऊन, टेकडीवर अस्वलाचा वावर. मी ओरडले, “माइक बंद करा आधी!” गाणं थांबलं. मैदान गप्प झालं. आणि टेकडीकडून शिटी ऐकू आली. तीनदा. थांबून पुन्हा तीनदा. अडचणीत असलात तर तीनदा शिटी वाजवा, हा सरांचाच नियम. ते दीड तास वाजवत होते आणि आम्ही वर भोंगा लावून त्यांचं कौतुक करत होतो.

मी आणि रमेशभाऊ कसे पळालो ते आमचं आम्हाला ठाऊक. दुसऱ्या नाल्याच्या काठी, मोहाच्या बुंध्याला टेकून सर बसले होते. घोटा सुजून टम्म झालेला. मला पाहताच पहिला प्रश्न: “खिळे भरले का?”

“भरले सर!” मी म्हटलं आणि मटकन खाली बसून रडायलाच लागले. जीव भांड्यात पडणं काय असतं ते मला त्या नाल्यात कळलं. मग रडता रडता चिडले. “सर, तुमचा खिळा कुठे आहे? आम्हाला एवढं शिकवता आणि स्वतः असे बिनबिल्ल्याचे फिरता?”

सरांनी हातातली शिटी खिशात घातली. मग म्हणाले, “चुकलंच माह्यं.” आणि वर, “भाषण मात्र मस्त केलं बाई तुम्ही. इथंवरी सगळं ऐकू आलं.”

रमेशभाऊंनी त्यांना पाठुंगळीला घेतलं. हाड मोडलेलं नव्हतं, पाय नुसता मुरगळला होता. हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं तेव्हा सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. मला दिली नाही, स्वतः खाल्ली.

या वर्षी फळीवर त्रेचाळिसावा खिळा आहे. मिस्टरांनी ठोकला. सर आधी ऐकेनात. “मी काय पळणारा आहो?” म्हटलं, “तुम्ही बिल्ला घातल्याशिवाय दौड सुटणार नाही.” हे वाक्य मी त्यांच्याकडूनच शिकले होते. पंचाहत्तरीतले सर गळ्यात बिल्ला घालून, हाती काठी घेऊन, सगळ्यांच्या मागून निघाले. सोबत रमेशभाऊ होते, म्हणजे काळजी नव्हती. तरी होती.

एक्केचाळीस खिळे भरले, रमेशभाऊंचा आणि सरांचा तेवढे राहिले. लोक म्हणाले, ताई बसा, चहा घ्या. मी बसले नाही. माइक बंद ठेवला. बऱ्याच वेळाने काठीचा आवाज आला. रमेशभाऊंनी आपला बिल्ला लावला, मग सरांनी आपला काढला, खिळ्याला लावला आणि ते खुर्चीत जाऊन बसले. म्हणाले, “आता तुम्हीबी बसा.”

सर, या अंकात सगळे तुम्हाला शंभर वर्षांचं आयुष्य मागतील. मीही मागते, आणि गुडघे, डोळे, शिटीचा दम सगळं शाबूत असलेलं मागते. तुम्ही टेकडीवर खुशाल जा, तुम्हाला कोण अडवणार! फक्त परत येऊन आपला बिल्ला आपल्या हाताने लावत जा. तोवर मी फळीपाशी उभी आहे.